पडवीतल्या बायका

गेल्या शनिवारी बऱ्याच महिन्यांनी थळला जाऊन आलो. थळ म्हणजे माझं आजोळ. अलिबागच्या उत्तरेला, अगदी समुद्राला लागून. बाहेरच्या लोकांना हे गाव खताच्या कारखान्यामुळे माहीत असतं, आम्हाला ते वाडीमुळे. नारळी-पोफळी, विहीर, पडवीत झोपाळा वगैरे. किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर उंदेरी आणि तिच्यामागे जरा लांब खांदेरी. खांदेरीवर दीपगृह आहे, आणि वेताळाचं देऊळही आहे. वेताळ म्हणजे भुतांचा राजा. आता ज्या गावातून भुतांच्या राजाचं घर रोज दिसतं, तिथे भुतांच्या गोष्टींचा तुटवडा कसा असेल?

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत त्या गोष्टी ऐकून घाबरलो आणि इंजिनियर झाल्यावर त्यांना हसायला शिकलो. या हसण्याबद्दलच आज थोडं लिहायचंय. आजी आता नाही. ती गेली तरी पडवीतला झोपाळा मामाने तसाच ठेवलाय. शनिवारी त्याच्यावर बसलो आणि २०१८ सालचा मे महिना आठवला.

त्या वर्षी मामीचा फोन आला. आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "अरे, आई हल्ली संध्याकाळी पडवीत एकट्याच असताना कुणाला तरी 'आत या, बसा' म्हणतात. बाहेर जाऊन बघितलं तर कुणी नाही."

आजी तेव्हा ८४ वर्षांची. मोतीबिंदूची ऑपरेशनं होऊन गेलेली, पण डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाची झीज झाल्यामुळे नजर जवळजवळ गेलेली. समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही, आवाजावरून ओळखायची. बाकी डोकं टकाटक. नारळ किती उतरवले, पाडेकऱ्याला किती दिले, सगळा हिशेब तोंडपाठ.

घरात लगेच तीन निदानं तयार झाली. शेजारच्या काकूंचं म्हणणं, बाहेरचं काहीतरी आहे, भगताला दाखवा. त्या स्वतः जाऊन अंगारासुद्धा घेऊन आल्या. मामा पडला बँकेतला माणूस. तो म्हणाला, वय झालं, डोकं चालत नाही आता, करायचंय काय. आणि मी, पुण्यात एसीत बसून, फोनवर म्हणालो, "टेन्शन असेल गं मामी. झोप होत नसेल नीट. झोपेची गोळी विचारून बघ डॉक्टरांना."

विचारलं. त्यांनी दिली. (डॉक्टरांनीही तीन मिनिटांत 'म्हातारपण' म्हणून विषय संपवला होता.)

आता गंमत बघा. भूत, वय, टेन्शन, गोळी, एवढं सगळं झालं, पण "आजी, तुला नक्की काय दिसतं?" हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. मी तर पोटासाठी दिवसभर हेच काम करतो! कुणी 'सिस्टिम चालत नाहीये' असं लिहून पाठवलं की आमचं डोकं फिरतं. काय चालत नाहीये? केव्हापासून? कुठलं बटण दाबल्यावर? स्क्रीनवर काय आलं? हे कळल्याशिवाय बगला हात लावायचा नाही, हे नवीन आलेल्या पोरांना मीच शिकवतो. आणि आजीच्या बाबतीत काहीही न विचारता थेट उत्तर देऊन मोकळा.

यातला आणखी वाईट भाग असा, की मला स्वतःला चार वर्षांपूर्वी काहीतरी दिसलं होतं आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

२०१४ मधली गोष्ट. ऑफिसात दुपारी कोड वाचत होतो. एकदम लक्षात आलं, ज्या शब्दाकडे बघतोय तोच दिसत नाहीये. आजूबाजूचे दिसतायत, मधला गायब. काळा डाग वगैरे नाही, नुसताच 'नाही'. मला वाटलं मॉनिटर गेला. शेजाऱ्याच्या मॉनिटरकडे बघितलं, तिथेही तेच. मग त्या जागी एक चमकणारी नागमोडी रेघ आली, दातेरी, करवतीसारखी, लुकलुकणारी. ती हळूहळू मोठी होत गेली, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी वाकली, डावीकडे सरकत सरकत वीस-पंचवीस मिनिटांनी नजरेच्या कडेवरून निघून गेली. डोळे मिटले तरी दिसत होती. नंतर थोडं डोकं दुखलं. त्या पंचवीस मिनिटांत मनात काय काय येऊन गेलं ते लिहीत नाही. ब्रेन ट्यूमरपर्यंत जाऊन आलो एवढं समजा. शेजाऱ्याला म्हटलं, "जरा गरगरतंय." तो म्हणाला, "टेन्शन घेऊ नकोस, रिलीज झाली की सुट्टी टाक." विषय संपला. पुढे वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी ते येत राहिलं आणि मी गुपचूप बाथरूममध्ये जाऊन बसत राहिलो.

बायकोलासुद्धा सांगितलं नाही. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. आपल्याला नसलेलं काहीतरी दिसतंय, हे वाक्य तोंडातून बाहेर काढणं फार अवघड असतं हो! पोट बिघडलं तर माणूस चारचौघांत रंगवून सांगतो.

तर मे २०१८. मामीच्या फोननंतर आठवड्याभराने थळला गेलो. संध्याकाळी आजी आणि मी झोपाळ्यावर बसलो होतो आणि नेमकी तेव्हाच ती नागमोडी रेघ आली. मी पायाने झोका देणं थांबवलं आणि गप्प बसलो.

"झोपाळा का रे थांबवलास?"

"काही नाही."

"काही नाही कसं? श्वास बदलला तुझा."

आजीला दिसत नव्हतं, पण तिच्यापासून काही लपवता येणं शक्य नव्हतं. सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदाच. आणि मग आजीने एकामागून एक प्रश्न विचारले. कुठल्या बाजूला दिसतं? डोळा मिटला की जातं का? किती वेळ राहतं? हलतं की एका जागी असतं? रंग आहे का त्याला? मी उत्तरं देत गेलो. सगळं ऐकून घेतल्यावर ती शांतपणे म्हणाली, "मला पण दिसतं रे. पण तुझ्यासारखं नाही. मी डोळा मिटला की जातं."

पाच महिने तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं.

तिला बायका दिसायच्या. चार-पाच जणी, नऊवारी नेसलेल्या, पडवीच्या भिंतीला टेकून ओळीने बसलेल्या. बोलायच्या नाहीत, तिच्याकडे बघायच्याही नाहीत. कधी वीतभर उंचीची टोपी घातलेली पोरं, कठड्यावरून चाललेली. कधी माणसं नाहीतच, नुसती भिंतभर जाळी, विटांच्या नक्षीसारखी. बहुतेक संध्याकाळी, उजेड कमी झाला की. पहिल्या वेळी खरंच कुणी आलंय असं वाटून 'आत या' म्हणाली. दोन-तीनदा फसल्यावर तिला कळलं की हे खरं नाही. तिचं एक वाक्य माझ्या डोक्यात कायमचं बसलंय. "माझ्या ताटातला भात मला दिसत नाही. पण त्यांच्या लुगड्याचे काठ दिसतात. डाळिंबी रंगाचे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? एक म्हणेल बाधा झाली, दुसरा म्हणेल म्हातारीला वेड लागलं. तुझा मामा घर विकायचं बघेल." (मामा असं काही करणारा नाही, पण भीतीला कुठे असतो हिशेब..)

पुढच्या आठवड्यात तिला वडखळमार्गे गाडीने मुंबईला आणलं. पडद्याच्या विकारांचे एक डॉक्टर गाठले. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "आजी, तुम्ही अगदी शहाण्या आहात. याला नाव आहे. शार्ल बोने सिंड्रोम."

घरी येऊन अर्थातच रात्रभर वाचत बसलो. शार्ल बोने हा जिनिव्हाचा निसर्गशास्त्रज्ञ. त्याचे आजोबा शार्ल ल्यूलँ नव्वदीला टेकलेले, मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेले, नजर गेलेली. त्यांना माणसं, पक्षी, गाड्या, इमारती दिसायच्या, आणि त्या खऱ्या नाहीत हे त्यांना ठाऊक असायचं. बोनेने हे १७६० साली पुस्तकात लिहून ठेवलं. म्हणजे इकडे पानिपताची तयारी चालू होती तेव्हा तिकडे एक नातू आजोबांना 'तुम्हाला नक्की काय दिसतं' हे विचारून टिपून घेत होता. मला स्वतःची जरा लाजच वाटली.

कारण ढोबळपणे असं. आपण डोळ्यांनी बघतो असं म्हणतो खरं, पण चित्र तयार होतं मेंदूच्या मागच्या भागात. तिथे वेगवेगळी कामं वाटलेली आहेत. रंगासाठी एक भाग, चेहऱ्यांसाठी एक, नक्षी-पोतासाठी आणखी एक. डोळ्याकडून येणारी माहिती आटली की हे भाग गप्प बसत नाहीत, उलट जास्त हुळहुळे होतात आणि आपणहून काम करायला लागतात. तुटलेल्या हाताला खाज सुटते म्हणतात ना, त्याचाच हा डोळ्यांचा भाऊ. १९९८ साली लंडनच्या डॉमिनिक फिच आणि सहकाऱ्यांनी अशा लोकांना फंक्शनल एमआरआयमध्ये ठेवून बघितलं. ज्याला रंगीत भास व्हायचा त्याचा रंगाचा भाग जागा झालेला, ज्याला चेहरे दिसायचे त्याचा चेहऱ्यांचा. नुसती कल्पना करताना हे असं होत नाही. म्हणजे आजीला लुगड्याचे काठ 'दिसत' होते हे अक्षरशः खरं होतं. आणि भातापेक्षा स्वच्छ का दिसत होते, तेही उघड आहे. भात तिच्या झिजलेल्या पडद्यावरून येत होता, काठ त्या वाटेने येतच नव्हते.

यात माणूस वेडा नसतो. आवाज येत नाहीत, चित्रातली माणसं त्याच्याशी बोलत नाहीत, आणि हे खोटं आहे याची जाण बहुतेकांना असते किंवा लवकरच येते. आता न सांगण्याबद्दल. १९९६ साली हॉलंडमधला एक अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला होता. त्यात असे भास होणारे ६० जण सापडले, पण त्यातल्या बहुतेकांनी डॉक्टरांना काहीच सांगितलेलं नव्हतं. हॉलंडमध्ये, जिथे भगत नाही, अंगारा नाही! तेव्हा हा फक्त आपल्या गावाकडचा प्रॉब्लेम आहे असं समजायचं कारण नाही.

माझं प्रकरण वेगळं निघालं. मायग्रेनचा ऑरा. यातली आवडलेली गोष्ट अशी की त्या नागमोडी रेघेला डॉक्टर लोक तटबंदी म्हणतात, बुरुज असलेल्या किल्ल्याचा तट वरून बघितल्यासारखी दिसते म्हणून. १८७० साली ह्युबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरने स्वतःला दिसणाऱ्या अशा रेघांची सुंदर चित्रं काढून ठेवली आणि ग्रीक भाषेतल्या 'तट' या शब्दावरून तिला नाव दिलं. खांदेरीसमोर बसून मला तटबंदी दिसत होती, आता बोला!

पुढचं तर आमच्या धंद्यातल्या माणसाला वेड लावणारं आहे. १९४१ साली कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञाने आपल्या स्वतःच्या ऑराची वाढ कागदावर मोजली आणि गणित केलं, की मेंदूच्या पृष्ठभागावरून मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने काहीतरी सरकत असलं पाहिजे. यंत्र नाही, स्कॅन नाही, नुसतं स्वतःला दिसलेलं नीट टिपून ठेवलेलं. तीन वर्षांनी, १९४४ मध्ये, ब्राझीलच्या आरिस्तिदेस लेआओने सशांच्या मेंदूत जवळजवळ त्याच वेगाने सरकणारी लाट दाखवली. आधी पेशी भडकतात, मग काही काळ गप्प होतात. भडकलेल्या कडेची दातेरी रेघ दिसते, कारण मेंदूच्या त्या भागातल्या पेशी ठरावीक कोनातल्या रेघांना ओळखायचं काम करतात. मागे गप्प झालेल्या भागाचा तो 'नाही'. आणि रेघ मधे असताना हळू आणि कडेला गेल्यावर जोरात का सरकते? कारण नजरेच्या मधल्या इवल्याशा भागासाठी मेंदूने भरपूर जागा दिलेली आहे आणि कडांसाठी थोडी. लाटेचा वेग तोच, नकाशाचं प्रमाण वेगळं. डोळे मिटूनही ती दिसते, कारण डोळ्याचा संबंधच नाही.

'डोळा मिटला की जातं का?' हा आजीचा प्रश्न किती नेमका होता ते आता कळलं असेल. कधीही शाळेत न गेलेली बाई.

हे सगळं कळल्यावर मी ज्यांना हसायचो त्या जुन्या गोष्टी पुन्हा आठवून बघितल्या. उदाहरणार्थ चकवा. आजोबा सांगायचे, किहीमहून भजन आटोपून रात्री शेतांतून येताना त्यांना चकवा लागला. सरळ चालतायत, आणि तीन वेळा फिरून त्याच चिंचेखाली. त्यावरचा उपाय त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेला. धावायचं नाही, जिथे आहेस तिथेच बसायचं, विडी पेटवायची आणि उजाडायची वाट बघायची. २००९ साली जर्मनीत यान सौमन आणि मंडळींनी लोकांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात 'सरळ चालत राहा' म्हणून सोडलं होतं. सूर्य किंवा चंद्र दिसत असेल तर माणसं सरळ चालत होती. ढगाळ दिवशी जंगलात गोल फिरून स्वतःचीच वाट ओलांडत होती आणि त्यांना ते कळतही नव्हतं. डोळे बांधले तर काही जण जेमतेम २० मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरत होते. एक पाय आखूड असतो वगैरे समज त्यांनी तपासून खोटा ठरवला. 'समोर' कुठे आहे याचा मेंदूतला अंदाज बाहेरची खूण नसेल तर थोडा थोडा भरकटत जातो, एवढंच. म्हणजे आजोबांना आलेला अनुभव शंभर टक्के खरा, उपायही बरोबर, फक्त मधलं 'भुताने फिरवलं' हे चुकलेलं. आणि मी काय करायचो? त्या एका चुकीसाठी बाकीचं सगळं फेकून द्यायचो.

तसंच 'छातीवर बसणं'. पुण्यात आमच्या फ्लॅटमधल्या एका मित्राने यापायी खोली सोडली होती आणि डिपॉझिटवर पाणी सोडलं होतं. पहाटे जाग आली, हात-पाय हलेनात, छातीवर भार, कोपऱ्यात कुणीतरी उभं. स्वप्नं पडतात त्या झोपेत मेंदू हात-पाय लॉक करतो (नाहीतर आपण स्वप्नात धावताना खरंच धावलो असतो), आणि कधी कधी लॉक उघडण्याआधीच जाग येते, स्वप्नाचा तुकडा शिल्लक असताना. तेवढं त्याला कुणी सांगितलं असतं तर बिचाऱ्याचे पैसे वाचले असते. आम्ही काय सांगितलं? "कामाचं टेन्शन."

मला चीड येते ती या शब्दाची. शहरात आपण भूत हा शब्द हद्दपार केला आणि त्याच्या जागी 'टेन्शन' आणून बसवलं. दोघांचं काम एकच, प्रश्न बंद करणं. उलट भूत जरा बरं म्हणायचं. भगताकडे गेलात तर तो निदान विचारतो तरी, कधी दिसलं, कुठल्या दिशेला, अंगावर कपडे कसले, बोललं का काही. अर्धा तास ऐकून घेतो. निदान साफ चुकीचं आणि कधी कधी भयंकर. भूत उतरवायच्या नावाखाली माणसांना साखळीने बांधून मारहाण करतात, मिरचीची धुरी देतात. त्यासाठी महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला, तोही डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर, आणि तो हवाच होता. पण लोक भगताकडे का जातात या प्रश्नाचं उत्तर नुसतं 'अडाणी आहेत' एवढंच नाही. तिथे कुणीतरी ऐकून घेतं. माझ्या शिकलेल्या घरात आजीचं कुणी ऐकून घेतलं नाही.

याच्या उलट्या टोकालाही जाऊ नये. हल्ली कुठल्याही संताला किंवा देवभक्ताला घरबसल्या 'एपिलेप्सी असणार' म्हणून मोकळे होणारे लोक भेटतात. पाचशे-सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाला एक प्रश्नही विचारता येत नाही आणि निदान मात्र तयार! हा पुन्हा तोच प्रकार, फक्त इंग्रजी शब्द वापरून. शिवाय 'मेंदूत घडतं' म्हणजे 'खोटं' असंही नाही. समोरचा चहासुद्धा मेंदूतच दिसतो.

मी डॉक्टर नाही, तेव्हा एवढं मात्र सांगतो की वाचून स्वतःच निदान करू नका. सगळंच काही निरुपद्रवी नसतं. ऑरा हळूहळू पसरतो. पण एकाएकी तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा अर्धी नजर गेली, तर तो लकवा असू शकतो, मिनिटं मोजायची वेळ असते, सरळ हॉस्पिटल गाठा. एका डोळ्यावर पडदा ओढल्यासारखं झालं तर डोळ्यांचे डॉक्टर, त्याच दिवशी. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदा असं काही दिसलं तर तपासणी टाळू नये. म्हाताऱ्या माणसाला भास होतायत आणि सोबत ताप, गोंधळ, झोपेच्या वेळा उलट्यापालट्या किंवा हातापायांची थरथर असेल, तर तो शार्ल बोने नसून दुसरंच काही असू शकतं. अशा वेळी डॉक्टरला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो तुम्ही टिपून ठेवलेल्या वर्णनाचा. कधी, किती वेळ, कुठल्या बाजूला, डोळे मिटल्यावर काय, त्या वेळी शुद्ध होती का. मी आता फोनवर लिहून ठेवतो. बायकोला माहीत आहे. बाथरूममध्ये जाऊन बसत नाही, "तटबंदी आली" असं सांगतो आणि वीस-पंचवीस मिनिटं निवांत पडून राहतो.

आजीच्या बायका त्या निदानाने गेल्या नाहीत. त्यावर हमखास औषध नाहीच. डॉक्टरांनी सांगितलेले उपाय साधे होते. दिसायला लागलं की दिवा लावा, डोळे मिटून उघडा, नजर झटकन डावी-उजवी करा. त्याने बऱ्याचदा जायच्या. झोपेची गोळी बंद झाली. काकूंचा अंगारा आजीने देवघरात ठेवला, टाकला नाही. सगळ्यात मोठा फरक म्हणजे ती आता राजरोस सांगायला लागली. मामी चहा करताना विचारायची, "आई, आज किती जणी?" आणि आजी मोजून सांगायची. मामाही एकदा झोपाळ्यावर बसताना म्हणाला म्हणे, "जरा सरकून बसायला सांग त्यांना."

२०२० च्या लॉकडाउनमध्ये कुणाच्याच घरी कुणी येईना. व्हिडिओ कॉलवर आजी म्हणाली, "माझ्याकडे मंडळी रोज येतात. मास्कसुद्धा लावत नाहीत मेल्या."

नंतर त्या कमी होत गेल्या. बऱ्याच जणांच्या बाबतीत असं होतं, मेंदूला हळूहळू सवय होते म्हणतात. जायच्या आदल्या वर्षी कधीतरी फोनवर म्हणाली, "दोन महिने झाले रे, कुणी आलं नाही." मी म्हटलं, "मग बरंच झालं की आजी. सुटलीस."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते डाळिंबी काठाचं लुगडं चांगलं होतं पण."